हजर म्हणणारे दहा हजार

सर्वेशच्या नव्या अल्बमला सगळ्यात जास्त शिव्या मी दिल्या असतील. त्यातली नऊच्या नऊ गाणी मीच लिहिली आहेत, तेव्हा तेवढा हक्क मला पोचतो.

अल्बमचं नाव 'पुनर्वसन'. पाच गाणी कानाखाली वाजवणारी, चार गळ्यात पडून रडणारी. चार वर्षं ज्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं, त्या रॅपरला या नऊ गाण्यांनी पुन्हा गादीवर बसवलं. आता लातूरच्या ट्यूशन एरियात, जिथं गल्लीला चार क्लास आणि क्लासला चारशे पोरं, तिथं चहाच्या प्रत्येक टपरीवर तोच वाजतो. मी फळ्यावर पेशीविभाजन काढत असतो आणि खिडकीतून माझेच शब्द आत येतात. पोरं वहीत मान घालून ओठ हलवतात. मी डस्टर आपटतो.

मी रामलिंग बिराजदार. शेषेराव सरांच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो. पोरं मला 'यमकवाले सर' म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात जे बसत नाही ते मी यमकात बसवतो. मेंदूच्या बारा नसा, वनस्पतींची कुळं, सगळं. पोरं बाकावर ठेका धरून म्हणतात आणि नीटला मार्क घेऊन येतात. शेषेराव सर पालकांना छाती फुगवून सांगतात, "आमच्याकडं बायोलॉजी पाठ करावी लागत नाही." पण त्याच सरांनी एकदा मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं होतं. म्हणाले, "बिराजदार, चौकातल्या फ्लेक्सवर तुमचा फोटो सर म्हणून लागतो. तो दुसऱ्या कशापायी लागला, तर पालक पोरगं उचलतात आणि शेजारच्या क्लासला घालतात. बघा बुवा." हे लिहून घ्या, पुढं विचारलं जाईल.

आता नावाबद्दल. माझं नाव माझं नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं हरणगाव गेलं. किल्लारीपासून चालत तासाभराच्या अंतरावरचं गाव. माझे आईवडील पिकाच्या राखणीला शेतात निजले होते म्हणून वाचले. आजी आणि दोन लेकरं घरात होती. महादेवी सात वर्षांची, रामलिंग पाच वर्षांचा. आईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन तोवर झालेलं होतं. भूकंपानंतर अशा बायांना ते ऑपरेशन उलटं करून मिळायला लागलं. वडिलांनी, म्हणजे धोंडप्पांनी, आईचं नाव दिलं, आई दुसऱ्यांदा टेबलावर झोपली, आणि शहाण्णवला मी आलो. माझं नाव काय ठेवायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही, नाव तयारच होतं. आमच्या भागात माझ्यासारखे बरेच आहेत. गेलेल्याचं नाव, गेलेल्याचं लाडाचं नाव, आणि ढिगाऱ्यातून निघालं असेल तर गेलेल्याचं ताटसुद्धा. मला ताट मिळालं. एका बाजूनं चेपलेलं स्टीलचं ताट, त्यावर 'चि. रामलिंग' असं कोरलेलं. मी अजून त्यातच जेवतो.

आईनं, केवळाबाईनं, मला काही कमी केलं नाही. खोटं कशाला बोलू? पण ती हाक मारायची तेव्हा एक क्षण माझ्या खांद्यावरून मागं बघायची. लहानपणी मी वळून पाहायचो, मागं कोण आलं म्हणून. कुणीही नसायचं.

दरवर्षी तीस सप्टेंबरला जुन्या हरणगावात, जिथं आता वेड्या बाभळी माजल्यात, तिथल्या स्मृतिस्तंभापाशी सगळं गाव जमतं. केरबा गुरुजी यादी वाचतात. एकशे बारा नावं, बापाच्या नावासकट, वयासकट. मी सहा वर्षांचा होतो, नुकताच पहिलीत गेलेला. हजेरी कशी द्यायची हे नवीनच शिकलो होतो आणि ते मला फार झकास जमायचं. इथं यादी वाचणारे गुरुजी शाळेतलेच, चष्मा तोच, आवाज तोच. गुरुजी म्हणाले, "रामलिंग धोंडप्पा बिराजदार."

मी हात वर केला आणि खणखणीत म्हणालो, "हजर!"

गुरुजींनी चष्मा काढला. आईनं माझ्या कानशिलात एक ठेवून दिली, अशी की कान दिवसभर वाजत होता. मग तो मारलेला हात तिनं पदरात गुंडाळून पोटाशी धरला. बाकी सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. मी तिच्या कमरेएवढा, त्यामुळं पदराच्या आत दुसऱ्या हातानं आवळून धरलेला तो हात मला एकट्यालाच दिसला. गुरुजींनी चष्मा पुन्हा घातला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, "वय पाच."

तिनं त्याआधी मला कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आणि मी त्यानंतर हजर म्हणालो नाही. शाळेत 'येस सर' म्हणायचो, कॉलेजात हात वर करायचो.

सर्वेश भेटला अकरावीत, लातूरच्या हॉस्टेलवर. तो नांदेडचा, वडील माधवराव तिथं कॉलेजात प्राध्यापक, घरात पुस्तकांची कपाटं. पोराला डॉक्टर करायचं म्हणून दोन वर्षांसाठी लातूरला आणून सोडलेला. आमच्या खोलीत चार खाटा होत्या आणि त्यातल्या एकीवर हा दिवसभर पालथा पडून मेसच्या ताटावर ठेका वाजवायचा. अभ्यास शून्य. पण आवाज असा की भांडायला आलेला वॉर्डनसुद्धा दारात थांबून ऐकायचा. मी त्याला यमकं पुरवायचो. तो म्हणायचा, "राम्या, तू लिही बे, मी बोलतो. तुला बोलायची लाज वाटते न् मला लिहायचा कंटाळा येतो. अल्लामियानं एक माणूस फाडून दोन केलेत."

हे खरंच होतं, म्हणून मला राग यायचा.

त्या खोलीत एका दुपारी, सराव परीक्षेला दोघांनी दांडी मारलेली असताना, मी त्याला सगळं सांगितलं. ताट, यादी, हजर, कानशिलात. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तो ऐकून रडला. पाच वर्षांनी मी डॉक्टरकीला दोनदा आपटून बीएस्सी झालो आणि शेषेराव सरांकडं लागलो, तेव्हा यूट्यूबवर एक रॅपर गाजत होता. त्याचं नाव 'तीन छप्पन'. भूकंप झाला ती वेळ. म्हणजे आमचा सर्वेश. मुलाखतीत सांगत होता, "मी भूकंपाच्या मातीतला पोरगा आहे." त्या पहाटे नांदेडात याच्या घरी फार तर कपाटातल्या बश्या वाजल्या असतील. आणि हा तर जन्मलासुद्धा नव्हता. अर्थात मीही नव्हतो.

पहिला अल्बम चालला. मग साहेब मुंबईला गेले, हिंदीत घुसले, सोनेरी साखळ्या घातल्या, आणि दुसरा अल्बम असा पडला की आवाजही आला नाही. चार वर्षं पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी, क्लासच्या दारात, टेस्ट सुटायच्या वेळेला उभा. दाढी वाढलेली, साखळी गायब.

"राम्या, शब्द दे बे," म्हणाला. "मी खाली डबा झालो. घरी बाप तोंडाकडं बघत न्हाई. आई नुसती वाढून निघून जाते."

मी त्याला हाकलायला पाहिजे होतं. पण माझ्या कपाटात टेस्टपेपरांचा एक गठ्ठा होता. एका बाजूला चार-चार पर्यायांचे प्रश्न, पाठकोऱ्या बाजूला माझी गाणी. सहा वर्षं मी पोरांवर सुपरव्हिजन करता करता लिहीत होतो. निम्मी गाणी या एरियावर होती. त्यात एक होतं, 'फ्लेक्सवर एक हसतंय, फ्लेक्सखाली शंभर, सातशे वीसपैकी माणूस किती, सांग तुझा नंबर.' ती पाच सर्वेशच्या तोंडी आगीसारखी पेटणार हे मला दिसत होतं. उरलेली चार वेगळी होती. ती मी आईला लिहिली होती.

त्यातलं एक 'हजर'.

*कुणाचंही नाव घे, मी वळून बघीन,*
*दुसऱ्याचं ताट दे, मी पोटभर जेवीन,*
*तुझ्या यादीत माझी जागा नसली तर*
*तू नुसती हाक मार, मी म्हणेन हजर.*

गठ्ठा दिला. सर्वेश म्हणाला, "नाव तुझं टाकतो. गीतकार, रामलिंग बिराजदार. मोठ्या अक्षरात."

मला शेषेराव सरांचं बंद दार आठवलं. मी म्हणालो, "नको."

"येड्यासारखं बोलून राहिला का? परत विचार कर."

"नको म्हटलं ना."

आता खरं सांगतो. सरांची भीती हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की मला जगाकडून काही नको होतं. मला एवढंच हवं होतं की ते गाणं कुठूनतरी, कुणाच्यातरी मोबाइलवरून, हरणगावातल्या पत्र्याखाली आईच्या कानावर पडावं आणि तिनं ओळखावं. मी न सांगता. नाव छापून, बोट दाखवून कळलं तर त्याला काय अर्थ? एकवीस वर्षं मी तोंड बंद ठेवलं होतं, आता तिनं स्वतःहून माझ्याकडं बघून म्हणावं, हे तुझं आहे. एवढ्यासाठी मी नऊ गाणी फुकट वाटली. स्वतःला फार शहाणा समजत होतो.

सर्वेशनं काय केलं? चारही गाणी प्रेमाची केली. शब्द फारसे बदलले नाहीत. 'हजर'मध्ये एक कडवं होतं, 'मारलंस त्याचं काही नाही, गाल माझा कोडगा होता, लपवलास पदरात तो हात मात्र मी पाहिला होता.' त्यात त्यानं पदराच्या जागी ओढणी घातली. बस्स. व्हिडिओत नांदेडच्या घाटावर, गोदावरीच्या पायऱ्यांवर, पांढऱ्या ओढणीची एक पोरगी मागं बघत बघत चालते. पोरगी आधीच्या प्रियकराचं नाव घेते, हा बिचारा तरीही हजर म्हणतो. अख्ख्या मराठवाड्यातली प्रेमात आपटलेली पोरं त्यावर तुटून पडली. दोन महिन्यांत एक कोटी लोकांनी बघितलं. माझ्या वर्गातला एक मुलगा टेस्टमध्ये नापास झाला आणि पेपरवर उत्तराच्या जागी लिहून आला, 'तू नुसती हाक मार.' मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

वडील वारल्यापासून मी आईकडं दर पंधरा दिवसांनी जायचो. ती भाकरी थापायची, मी ताटापाशी बसायचो. शेजारच्या घरात गाणं वाजायचं. आई भाकरी उलटायची. एकदा मी विचारलं, "हे गाणं ऐकलंस का गं?"

"ऐकलं की. लई वाजतंय," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आमटी वाढली. पुढं काही नाही. मी लातूरला परत आलो आणि सर्वेशचा नंबर ब्लॉक केला.

त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण सर्वेश थेट हरणगावातच उगवला. मुलाखतीत त्याला कुणीतरी विचारलं होतं, ओढणीवाली कोण? आणि हा तिथं गंभीर तोंड करून म्हणाला, "ही पोरगी न्हाईच. हे गाणं भूकंपात लेकरू गेलेल्या एका आईचं आहे." झालं, गाणं पुन्हा उसळलं. आता त्याला दुसरा व्हिडिओ करायचा होता, आणि तशी आई त्याच्या माहितीत एकच होती.

गावातून फोन आला म्हणून मी सुट्टी टाकून पोचलो. पुनर्वसनातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवे, तारा, कॅमेरा. आणि चुलीपुढं सर्वेश मांडी घालून बसलेला. आई त्याला वाढत होती. ताट माझं. चेपलेलं.

"ये बे राम्या," तो म्हणाला. "आईच्या हातचं येसराचं कालवण खाल्लं न्हाई तर जिंदगी बेकार."

मी त्याला बाहेर ओढलं. "तुला लाज आहे का? कुणाची आई, कुणाचं ताट?"

"मी मागितलं न्हाई बे ताट. तिनंच काढलं." तो शांतपणे माझ्याकडं बघत होता. "तू लिहिलंस न् पळालास. नाव टाकू का, तर नको. आईला सांगतो, तर नको. मग मी काय करू, गाणं पुरून टाकू? मी तिला सरळ विचारलं, आई, नांदेडच्या प्रोग्रॅमला स्टेजवर येशील का? ती हाव म्हणाली."

"तिला काय कळतंय त्यातलं."

"तू कधी विचारलंस का तिला, काय कळतंय ते?"

तो आत जाऊन परत ताटावर बसला आणि मी दारापर्यंत गेलो. आई म्हणाली, "पोरगं भुकेजलेलं हाय. नीट वाढून घेतंय." तिच्या तोंडावर असा उजेड मी कधी बघितला नव्हता. पहिला रामलिंग मेलेला, दुसरा दारात उभा, आणि चुलीपुढं तिसरा जेवत होता. मला त्या घरात पाऊल टाकवेना. पाणी न पिता मी एसटी धरली.

नांदेडचा कार्यक्रम डिसेंबरातल्या एका रविवारी होता. वेळ दुपारी चारची, कारण हॉस्टेलची पोरं आठच्या आत परत जायला हवीत. आता आमच्याकडं गाण्याची वेळसुद्धा क्लासवाले ठरवतात. मी येणार नव्हतो. पण आई एकटी कशी जाणार, असं मीच मला समजावलं. सर्वेशनं गाडी पाठवली. आईनं ठेवणीतलं इरकल काढलं. लातूरहून नांदेडपर्यंत ती खिडकीतून बघत बसली आणि मी घड्याळाकडं. लोह्याच्या पुढं तिनं एकदाच विचारलं, "तू म्होरं उभा राहशील न्हवं? मला दिसंल असा?"

"बघू," मी म्हणालो.

पुढं उभा राहिलो. बॅरिकेडला चिकटून. मैदान खचाखच भरलेलं, दुसऱ्या दिवशी पेपरात दहा हजार आलं होतं. माझ्या बाजूलाच आमच्या क्लासची आठदहा पोरं निघाली. "सर, तुम्ही? तुम्हाला पण आवडतो?" मी म्हणालो, "घरचं एक माणूस आलंय, म्हणून आलो." पोरं आदरानं थोडी सरकली.

सर्वेशनं सुरुवातीची तीन गाणी अशी फेकली की धूळ उठली. 'सांग तुझा नंबर'ला माझे विद्यार्थी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. शेषेराव सरांच्या क्लासचा टी-शर्ट घालून क्लासलाच शिव्या देत होते आणि शिव्या माझ्या होत्या. त्या दहा मिनिटांत, खोटं नाही सांगत, मी सुखी होतो. मग दिवे निळे झाले. कुणीतरी आईला हाताला धरून स्टेजवर आणलं.

"ही केवळाबाई. माझी आई," सर्वेश म्हणाला. टाळ्या, शिट्ट्या. "भूकंपात हिचा रामलिंग गेला. पाच वर्षांचा होता. आज हिचे किती रामलिंग आहेत, ते आपण हिला दाखवू." त्यानं माइक तिच्या तोंडापुढं धरला. "आई, हाक मार."

आईनं माइककडं बघितलं नाही. ती खाली बघत होती, बॅरिकेडच्या रांगेवरून नजर फिरवत. माझ्यापाशी येऊन थांबली. आणि बांधावरून वावराच्या दुसऱ्या टोकाला द्यावी तशी तिनं हाक दिली, "रामलिंगाऽऽ!"

"हजर!"

दहा हजार माणसं ओरडली. सर्वेश ओरडला, माझे विद्यार्थी ओरडले, बंदोबस्ताचा पोलीससुद्धा काठी उचलून ओरडला. मी तेवढा नाही. मला वाटत होतं, ही हाक माझी नाही. ही त्या पाच वर्षांच्याची आहे, नाहीतर या स्टेजवरच्या तिसऱ्याची आहे. पुन्हा मधे तोंड घालून मी थप्पड खाणार नाही. रागानं माझे कान तापले होते.

आईनं हात केला, गप्प बसा म्हणून. आश्चर्य म्हणजे लोक बसले. तिनं पुन्हा हाक दिली, या वेळी हळू. पुन्हा आरोळी आली. ती विरली तरी आई माइक सोडेना. दोन सेकंद, तीन सेकंद, अख्खं मैदान गप्प होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. माझ्या खांद्यावरून मागं नाही. माझ्याकडं. मला ते दिसत होतं. मग सर्वेशनं ढोलकवाल्याला खूण केली आणि ठेका सुरू झाला. आईनं उजवा हात पदरात गुंडाळला आणि ती मागं सरकली.

मी धक्के खात स्टेजच्या मागं गेलो. अजून उजेड होता. कनातीला लागून एका प्लास्टिकच्या खुर्चीत ती बसली होती, हातात चहाचा कागदी कप. पुढं मैदानात शेवटची गाणी चालू होती.

"म्होरं व्हतास की," ती म्हणाली. "दिसलास मला."

"हो."

"मग?"

"मग काय?"

"दोन डाव हाक मारली. समदं नांदेड बोललं. तूच तेवढा बोलला न्हाईस."

"मला मारलीस हाक?"

"न्हाईतर कुनाला? त्याला मारायला हितवर कशाला येऊ? त्याला मी रोज मारतीया, भाकरी थापता थापता." तिनं चहा खाली ठेवला. "ते पोरगं वढणी म्हनतंय. वढणी कुटली? पदर व्हता. तो हात तुला दिसला व्हता, हे मला ठावंच न्हवतं रे. गानं पयल्यांदा वाजलं तवा चुलीवरचा तवा तसाच ठेवून मी परसात जाऊन बसले. म्हनलं, माज्या पोरानं लिवलंय."

"मग सांगितलं का नाहीस? मी विचारलं होतं तुला. आमटी वाढलीस तू!"

"तू बी गानं ऐकलंस का म्हनून इचारलंस. मी लिवलं म्हनलास का?" तिचा आवाज चढला आणि मग उतरला. "तुला सांगायचं नसंल, म्हनलं. मोठ्या मानसाला कसं इचारावं? ते पोरगं आलं, म्हनलं आई, हाक मारशील का. म्हनलं मारीन. त्याला वाटलं त्याच्यासाठी. वाटू दे. म्या तुला मारलं व्हतं ना तवा, हजर म्हनलास म्हनून. मला वाटलं, चार मानसांत मारलं, तर आता धा हजारांत हाक मारावी. फिटंल."

वर्गात तीनशे पोरांपुढं मी तासन्‌तास बोलतो, माझं लिहिलेलं एक कोटी लोक म्हणतात, आणि तिच्यापुढं मी खाली ठेवलेला चहाचा कप नुसता बाजूला सारला. तिनं पदरातून हात काढला आणि माझ्या गालाला लावला, थप्पड बसली होती त्याच बाजूला. खरबरीत हात. आता तिचे डोळे माझ्यावरच होते आणि मागं खरोखर कुणी नव्हतं.

मी तोंड उघडलं. बावीस वर्षांनी तो शब्द माझ्या घशातून वर आला आणि मी तो म्हणालोसुद्धा. तेवढ्यात कनातीच्या पलीकडं सर्वेशनं शेवटचं म्हणून पुन्हा तेच गाणं उचललं, आणि दहा हजार माणसं एकदम ओरडली, "हजर!"

आईनं कानामागं हात धरला. "काय म्हनलास?"

"कायबी न्हाई," मी म्हणालो. "चल, गाडी लागलीया."